पाचवा मुद्दा

"गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि माझी बायको म्हणाली, "झाले असतील आठ महिने." मी बाजूच्या स्टुलावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. आठ महिने हा आकडा मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मला तिने सांगितलं होतं त्याआधीच्या मंगळवारी, तेही मटार सोलता सोलता, "इथे काखेजवळ काहीतरी लागतंय हाताला, दुखतंयही जरासं," असं, नळ गळतोय म्हणून सांगावं तसं. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. बाई वयाने आमच्या मुलीएवढ्या, मनगटावर भलंमोठं घड्याळ. मघाशी गाठ चाचपून झाल्यावर हातमोजे काढताना त्यांचा जो चेहरा झाला होता तो माझ्या ओळखीचा होता. उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर मुलगा नापास आहे हे कळलं की परीक्षकाचा असा चेहरा होतो. "आठ महिने? मग इतके दिवस आला का नाहीत, काकू?" त्या म्हणाल्या. बायको पडद्यामागून बाहेर येऊन बाहीचं बटण लावत होती. ते तिने आधी नीट लावलं. मग सरळ म्हणाली, "दाबल्यास दुखत नव्हती."

आमच्या घरात कुणी 'दाबल्यास' म्हणत नाही. कुणाच्याच घरात म्हणत नसावेत; दाबलं तर म्हणतात, दाबल्यावर म्हणतात. ही भाषा माझी, पुस्तकातली. तक्ता क्रमांक सतरा, सौम्य अर्बुद आणि दुर्दम अर्बुद यांतील फरक स्पष्ट करा, गुण पाच. अर्बुद म्हणजे गाठ; सौम्य म्हणजे साधी, दुर्दम म्हणजे कर्करोगाची. डाव्या रकान्यात साधी, उजव्या रकान्यात दुसरी. मुद्दा पाचवा, डावीकडे: दाबल्यास दुखत नाही. उजवीकडे: दाबल्यास दुखते. डॉक्टरीणबाई काहीतरी सांगत होत्या, न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी, बहुतेक गाठी सुरुवातीला दुखतच नाहीत, बायका तिथेच फसतात, आणि मी मान हलवत होतो. पर्सचा चाप मी उघडत होतो, मिटत होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, नाही पाहिलं तेच बरं.

सुई घालून गाठीतला तुकडा तपासणीला घ्यायचा होता. तिला आत नेलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता टांगलेला होता, पोट उघडून दाखवलेला एक माणूस, चेहऱ्यावर मात्र कशाचाही पत्ता नाही. यकृत, जठर, प्लीहा, स्वादुपिंड. प्रत्येक शब्दापासून एक बारीक रेघ निघून त्या त्या अवयवाला भिडत होती, आणि स्वादुपिंडाची रेघ बोटभर खाली आतड्यावर जाऊन टेकली होती. मी उठलो. खिशात पेन होतं. एरवी मी ती रेघ तिथल्या तिथे दुरुस्त केली असती आणि परिचारिकेला बोलावून वर शहाणपणाही शिकवला असता. दवाखान्याच्या भिंतीवर असा तक्ता, लाज वाटायला हवी तुम्हाला, मुलं पाहतात हे. हात खिशापर्यंत गेला आणि मी परत येऊन बाकावर बसलो. एका बोटाने चुकलेल्या रेघेवर बोलण्याचा मला आता काय अधिकार होता? पर्समधून तिच्या रुमालाचा वास येत होता, कपाटातल्या साबणाच्या वडीचा. पस्तीस वर्षं मी या वासाशेजारी झोपतो आहे आणि आठ महिने मला काही कळलं नाही.

एकतीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे व्याख्या पाठ करून घेतल्या. ऊती म्हणजे काय, संप्रेरक म्हणजे काय, संसर्ग म्हणजे काय, रोग म्हणजे काय. रोग म्हणजे शरीराच्या वा मनाच्या सामान्य कार्यात निर्माण झालेला बिघाड, दोन गुण. बेडकाचं हृदय मी मुलांना क्वचितच दाखवलं, पण त्याच्या कप्प्यांची नावं झोपेतून उठवून विचारली तरी मुलांनी धडाधड सांगावीत असा माझा दरारा होता. मुलं तोंडावर सर म्हणत आणि पाठ वळली की पाचमुद्दे. पाचमुद्दे आला रे, असं जिन्यावरून ऐकू यायचं आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. कारण नाव माझ्या पुस्तकावरून पडलं होतं. 'जीवशास्त्रातील प्रमुख संज्ञा', पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं, खिशात मावणारं. त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक संज्ञेची एका वाक्यात व्याख्या आणि प्रत्येक फरकाचे पाच मुद्दे, ना कमी ना जास्त, कारण पेपरात फरकाला पाच गुण असायचे. इतर लेखक कुठे तीन देत, कुठे आठ. माझ्याकडे मोजून पाच. पेपर तपासणाऱ्यांनाही ते सोयीचं पडायचं. बोटावर मोजायचं आणि गुण द्यायचे. हळूहळू नमुना उत्तरांत माझेच पाच मुद्दे जसेच्या तसे यायला लागले. मी स्वतः परीक्षक म्हणून बसायचो तेव्हा हजारो उत्तरपत्रिकांतून माझीच वाक्यं माझ्याकडे परत यायची आणि मी त्यांच्यापुढे लाल खुणा करायचो. दाबल्यास दुखते, बरोबर. दाबल्यास दुखत नाही, बरोबर. किती मुलांना मी या वाक्याचा गुण दिला असेल, देव जाणे.

ते वाक्य लिहिलं तो दिवस मला लख्ख आठवत होता, किंवा तेव्हा तसं वाटत होतं. रविवार सकाळ. पहिल्या आवृत्तीचं शेवटचं प्रकरण, रोग आणि विकार. छापखान्याचा माणूस बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेला, त्याला दुपारच्या आत कागद हवे होते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते छापखान्यात कुणालाच लागत नसे, म्हणून मी सांगायचो आणि बायको लिहायची. लग्नाआधी ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत दाखले लिहायची. तिचं अक्षर गोल, सरळ रेषेत, एकही काना डुगडुगत नाही असं. समोर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा ही तिची नोकरी होती आणि पुढे माझ्या घरातही तीच राहिली. सतराव्या तक्त्याचे चार मुद्दे झाले: वाढीचा वेग, भोवतीचं आवरण, शरीरात पसरणं, पेशींचं रूप. पाचवा सुचेना. नव्हता असं नाही, असणारच होता, पण माझ्याजवळची पुस्तकं शाळेपुरती होती आणि ग्रंथालय रविवारी बंद. ते सोमवारी उघडणार होतं. चार मुद्द्यांचा तक्ता मला चालण्यासारखा नव्हता. माझ्या पुस्तकात चार मुद्दे म्हणजे दाराला तीन बिजागऱ्यांऐवजी दोन. मग मी खिडकीशी उभं राहून विचार केला की जी वाईट ती दुखत असणार, साधी ती दुखत नसणार. सरळ आहे. रकान्यांत कसं छान बसतं. मी वेळ मारून नेली. छापखान्याचा माणूस कागद घेऊन गेला आणि आम्ही जेवायला बसलो.

तपासणीचा निकाल यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस मी मागचे आठ महिने उकरत बसलो. ती अंघोळीला फार वेळ लावायला लागली होती आणि मी दारावर टकटक करून म्हणायचो, "टाकी रिकामी करतेस का आता?" आत ती काय करत होती ते मला आता कळलं. रोज त्या गाठीची परीक्षा घेत होती. दोन बोटांनी दाबायचं, थांबायचं, दुखत नाही. पुन्हा जरा जोरात दाबायचं, दुखत नाही. रोज पास. बाहेर येताना तिचा चेहरा मोकळा असायचा, हेही मला आठवलं, आणि एकदा तर ती गुणगुणत बाहेर आली होती. मला तेव्हा बरं वाटलं होतं, बाई म्हातारपणी खुशीत आहे म्हणून. आणि एक दुपार. मी झोपून उठलो तर स्वयंपाकघराच्या टेबलावर माझं पिवळं पुस्तक उघडं, त्यावर तिचा चष्मा पालथा. मला इतका आनंद झाला की मी पान कुठलं हेसुद्धा पाहिलं नाही. "का गं, या वयात परीक्षेला बसतेस की काय?" मी म्हणालो. ती हसली. "बघत होते, अजून पाठ आहे का ते," म्हणाली आणि पुस्तक मिटून परत फळीवर ठेवलं. मी तिला दोन-चार व्याख्या विचारल्या. तिने बिनचूक सांगितल्या. मी तिच्या खांद्यावर थोपटलं, शाबास म्हणालो. शाबास म्हणालो मी तिला. आता ती आठवण आली की जिन्यात असो, रस्त्यात असो, माझ्या तोंडून हुं असा आवाज निघतो आणि लोक वळून बघतात.

त्या मंगळवारी तिने मला सांगितलं ते गाठ दुखायला लागली म्हणून. हेही मला त्याच सहा दिवसांत उमगलं. म्हणजे मटार सोलताना ती विचारत नव्हती, कळवत होती. माझ्या पुस्तकाप्रमाणे तिचा निकाल त्या दिवशीच लागला होता. डाव्या रकान्यातून ती उजव्या रकान्यात गेली होती आणि तरी दाणे भांड्यात पडत होते, एक किडका तिने बाजूला काढला. मी पेपरातून डोकंही न काढता म्हणालो होतो, "दाखवून येऊ की. गाठीबिठी येतात या वयात."

निकाल वाईट होता. डॉक्टरीणबाईंनी तो मला एकट्याला आधी सांगितला, बायको वजन करायला शेजारच्या खोलीत गेली होती तेवढ्यात. गाठ दुर्दम होती, काखेतही पोचली होती. सगळं काढावं लागेल, नंतर औषधं, नंतर किरणं. मी विचारलं, "सहा-आठ महिन्यांआधी आलो असतो तर?" त्यांनी आधी पेन खाली ठेवलं. "काखेत गेली नसती, बहुतेक," म्हणाल्या. मग वातावरण सैल करावं म्हणून असेल, समोरचा अर्ज उलटा करून माझं नाव वाचत म्हणाल्या, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही ते... प्रमुख संज्ञावाले सर का?" मी हो म्हणालो. बाईंचा चेहरा एकदम शाळेतला झाला. "अय्या! पाचमुद्दे सर!" म्हणाल्या आणि जीभ चावली. "सॉरी हां. पण तुमच्यामुळे मी इथवर आले, खरंच. अख्खं पुस्तक पाठ होतं मला. अजून आहे." मला तिथून उठून जायचं होतं. मी म्हणालो, "तक्ता सतरावा." का म्हणालो कुणास ठाऊक; दुखऱ्या दातावर जीभ जातेच. त्यांनी बोटांवर मोजत सुरुवात केली, "वाढीचा वेग, आवरण, प्रसार, पेशींचं रूप, आणि..." आणि त्या हसल्या. "पाचवा तो दुखण्याचा. सर, त्याची गंमत सांगू? आमच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला विचारलं, कुठली गाठ दुखते? आम्ही शंभरजणांनी एका सुरात उत्तर दिलं. ते म्हणाले, हे शाळेतून घेऊन आलात ना, आता विसरा, दरवर्षी मला हेच एक आधी पुसावं लागतं. काय हसलो होतो आम्ही." हसता हसता त्यांची नजर बायकोच्या कागदावर गेली. तिथे त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं, आठ महिने, वेदना नाही म्हणून दाखवले नाही. त्यांचं हसू एकदम उतरलं. शेजारच्या खोलीतून वजनकाट्याचा खट् आवाज आला आणि बायको विचारत होती, "चपला काढून की घालून?"

त्या शंभरजणांचा मी पुढे फार विचार केला. जे पुढे शिकले त्यांचं कुणीतरी पुसलं. पण शंभर डॉक्टर झाले त्यांच्या मागे काही लाख मुलं तेवढंच शिकून थांबली. कुणी दुकानात बसलं, कुणी कचेरीत, कुणी संसार केला. त्यांना कुठला प्राध्यापक भेटणार होता? शरीराबद्दल म्हणून त्यांना आयुष्यभर पुरेल एवढं शहाणपण मी दिलेलं, पिवळ्या पुठ्ठ्यातलं. बाकीचं विसरतात लोक. संप्रेरकं विसरतात, बेडकाचं हृदय विसरतात. पण दुखतं आणि दुखत नाही हे कोण विसरेल? बसमध्ये शेजारी कुणी बाई बसली की माझी नजर तिच्यावरून सरकायची आणि मनात यायचं, ही कधी शिकली असेल, कुठल्या आवृत्तीतून? एकदा एका बाईने मला चांगलंच फटकारलं, काय बघताय म्हणून. बरोबर होतं तिचं. मी खाली उतरलो आणि दोन थांबे चालत गेलो.

मुलीला फोनवर सांगितलं. ती लांबच्या गावी असते, नोकरी टाकून लगेच येता येत नाही, आणि त्याचा सगळा राग तिने माझ्यावर काढला. "बाबा, आठ महिने? घरात जीवशास्त्राचा मास्तर असताना?" मी म्हणालो, "तिने सांगितलं नाही गं." सांगितलं नाही हे खरं होतं. आयुष्यभर मी खरी वाक्यं अशीच सोयीने वापरत आलो. फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. "तिला कशाला ओरडू दिलंत?" म्हणाली, "मी सांगते तिला, माझीच चूक म्हणून." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मी मनाशी म्हणालो, आता तिच्या डोक्याला ताप नको. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी फार असते.

तिच्याशी बोलण्याऐवजी मी प्रकाशकाकडे गेलो. पंधरावी आवृत्ती छपाईला जाणार होती, तिची मुद्रितं तपासायला माझ्याकडे यायची होती. प्रकाशक माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर, टेबलावर कागदांचे ढीग. सतराव्या तक्त्यातला पाचवा मुद्दा काढायचा आहे म्हटल्यावर त्याने चष्मा खाली घेतला. "काढायचा? आणि मग काय, चारच? सर, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालंच. चार मुद्दे लिहिणाऱ्या पोराचा एक गुण जाईल. पालक माझ्या दारात उभे राहतील." मी म्हणालो, "तो मुद्दा खोटा आहे." तो म्हणाला, "असेल. पण परीक्षेत खराच धरतात ना?" मी त्याच्याकडे बघत राहिलो. एवढं नेमकं मला स्वतःलाही बोलता आलं नसतं. माझ्या डोळ्यांत काहीतरी दिसलं असावं, कारण तो जरा नरमला. "हे बघा, काढू नका, बदला. दुसरा द्या. तेवढ्याच लांबीचा, एका ओळीत बसणारा, म्हणजे पान हलणार नाही. आणि वहिनींच्या अक्षरात पाठवा हं. तुमचं वाचता वाचता इथली टाईप करणारी मुलगी राजीनामा देईल." वहिनी बऱ्या आहेत ना, असं त्याने जिन्यापर्यंत येऊन विचारलं. मी म्हणालो, बऱ्या आहेत.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. तिला बाहेर आणलं तेव्हा ती भुवया आवळून झोपली होती, अवघड गणित सोडवत असल्यासारखी, आणि उजवी बाजू पट्ट्यांखाली सपाट होती. मी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली नाही. एवढं तरी करायचं असं मी ठरवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ संपल्यावर मला बाहेर काढलं आणि मी चालत ग्रंथालयात गेलो. दवाखान्यापासून फार तर दहा मिनिटं. रोगविज्ञानाचं जाडजूड पुस्तक खालच्या फळीवर होतं. मी उभ्या उभ्याच उघडलं, आणि अर्बुदाच्या प्रकरणातल्या दुसऱ्याच पानावर सगळं दिलेलं होतं. पाच नाही, अकरा फरक. शेवटून दुसरा पुन्हा उद्भवण्याबद्दलचा, छोटासा, एका ओळीत बसणारा. मी पुस्तकाच्या मागचा तारखांच्या शिक्क्यांचा कागद पाहिला. पहिला शिक्का माझ्या त्या रविवारच्या सहा वर्षं आधीचा होता. म्हणजे त्या सोमवारी पुस्तक इथेच होतं, याच खालच्या फळीवर, मला फक्त वाकायचं होतं. पुढच्या तेरा आवृत्त्यांच्या वेळी प्रत्येकदा एकेक सोमवार होता. मी जमिनीवर बसलो. ग्रंथपालबाई धावत आल्या, "चक्कर येतेय का आजोबा, पाणी देऊ?" मी म्हणालो, "नको. उशीर झालाय." त्यांना वाटलं ग्रंथालय बंद व्हायची वेळ म्हणून म्हणतो आहे. "नाही हो, अजून अर्धा तास आहे," त्या समजुतीने म्हणाल्या.

ती घरी आली त्याला आज तेरा दिवस झाले. उजवा हात वर जात नाही. व्यायाम म्हणून भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून हळूहळू चालवत वर न्यायची, जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची, उद्या त्याच्या वर जायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुणांची एक शिडी तयार झाली आहे. काही दिवस खूण केसभरही वर सरकत नाही. आज सकाळी मुद्रितं आली. प्रकाशकाने चिठ्ठी जोडली होती, सतरावा तक्ता राहिलाय, टाईप करणारी मुलगी थांबली आहे. बायकोने चिठ्ठी वाचली, चष्मा शोधला, टेबलाशी बसली आणि कोरा कागद पुढे ओढला. "हात दुखेल," मी म्हणालो. "एका ओळीने काय होतंय," ती म्हणाली. मग मी तिच्यासमोर खुर्चीत बसलो. माझे हात टेबलाखाली होते, वर्गात पुस्तक लपवून वाचणाऱ्या मुलाचे असतात तसे.

"अगं, तो पाचवा मुद्दा," मी म्हणालो, "मी मनाने लिहिला होता."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मीच नाही का लिहून घेतला? मी विचारलंही होतं, हे कुठे दिलंय. तुम्ही म्हणालात, दिलेलं कुठे नाही, पण असणारच तसं. सोमवारी बघून घेतो म्हणालात."

हे मला आठवत नव्हतं. तो सगळा रविवार मला लख्ख आठवत होता, छापखान्याच्या माणसाचा चहासुद्धा, आणि तिने विचारलेला प्रश्न तेवढा पुसून गेला होता. माझा आवाज चढला. मला राग आला होता, आणि लाज वाटते लिहायला, पण तो तिच्यावर आला होता. "मग ठाऊक असून त्यावर विसंबून कशी राहिलीस तू? आठ महिने!"

ती पेनाचं टोपण काढत होती. डाव्या हाताने, दातांत धरून. टोपण टेबलावर ठेवून म्हणाली, "अहो, चौदा वेळा छापलंत ना तुम्ही ते. मला वाटलं, मधे कधीतरी सोमवार आला असेल."

ती हे बोलली त्यात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. टोमण्यांना उत्तर द्यायची मला सवय आहे. तिला खरंच तसं वाटलं होतं. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं. मला रडायला आलं आणि मी रडलो. तिने मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. कागदाला चुरगळी पडली होती ती तळहाताने सपाट करत राहिली. मग म्हणाली, "सांगा आता. मुलगी थांबलीय तिकडे."

मी डोळे पुसले. "डावीकडे," मी म्हणालो, "काढून टाकल्यावर सहसा पुन्हा उद्भवत नाही." तिने लिहिलं. हात कागदाला घासत सरकत होता, पण अक्षर तेच, गोल आणि सरळ. "आणि उजवीकडे?" मागच्या तेरा दिवसांत तिने ना डॉक्टरांना विचारलं होतं ना मला, आता पुढे काय म्हणून, आणि आम्हीही कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. त्या रविवारनंतर मला पहिल्यांदाच एखादा मुद्दा मनाने लिहावासा वाटत होता. कितीतरी वाक्यं सुचत होती, एका ओळीत बसणारी. "सांगा की," ती म्हणाली. "काढून टाकल्यावरही," मी म्हणालो. "हळू. हात भरून येतो." ती थांबली, बोटं उघडून मिटली, पुन्हा पेन धरलं. "हं. काढून टाकल्यावरही?"

"पुन्हा उद्भवू शकते."

तिने शेवटचं अक्षर लिहिलं, मात्रा दिली, पूर्णविराम दिला. कागद उचलून शाईवर फुंकर घातली आणि आपलं अक्षर पुन्हा एकदा वाचलं, ओठ न हलवता. "हे बघितलंत ना?" तिने विचारलं.

"बघितलं."

"ग्रंथालयात जाऊन?"

"हो. जाऊन."

"मग ठीक," ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिने लिफाफ्यात ठेवला आणि टेबलाला डावा हात टेकवत उठली. भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. दोन बोटं कालच्या खुणेपाशी पोचली, तिथे अडली, मग एकेक करत जराशी वर गेली. "लवकर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खूण करा." मी पेन्सिल शोधायला लागलो.